वरमाईचा रुसवा

चौरंगावर बसवलेल्या नवरदेवाला ठोंबरेकाकूंनी एका हातानं उचललं, पदराखाली घेतलं आणि "हे लग्न होत नाई!" असं जाहीर करून त्या आमच्या अंगणातून तरातरा चालत्या झाल्या.

नवरदेव वीतभर उंचीचा होता. पितळेचा, रांगता, हातात लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण. काकूंच्या पदराखालून त्याच्या मुंडावळीचं एक टोक लोंबत होतं आणि त्यांच्या पावलागणिक ते हेलकावे खात होतं. पाठोपाठ ठोंबरेकाका निघाले. जाता जाता त्यांनी माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे, असं बघितलं, की माफी मागावी की मदत, हेच त्यांना ठरवता येत नसावं.

अख्खी वसाहत अक्षता मुठीत धरून उभी होती. पुराणिक गुरुजींनी अंतरपाट घडी करून खांद्यावर टाकला आणि आप्पांना म्हणाले, "फडतरेसाहेब, काय ते लवकर मिटवा. माझी अजून अर्धी वसाहत बिनलग्नाची आहे."

ही ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. यवतमाळच्या बाजूला एका धरणावर आप्पा कालवा निरीक्षक होते. धरणाखाली सरकारी वसाहत, एकसारखी पिवळी क्वार्टर्स, आणि गावापासून इतकी लांब, की करमणूक म्हणून माणसं एकमेकांच्या दारातल्या रिकाम्या सिलिंडरवरही चर्चा करत. त्यामुळे सणवार आला की वसाहत त्याच्यावर तुटून पडायची. त्यातही तुळशीचं लग्न म्हणजे कळस. आमची तुळस नवरी आणि ठोंबऱ्यांचा बाळकृष्ण नवरा, हे नातं आम्ही तिथं राहायला आलो त्या वर्षीच जुळलं होतं. आप्पांनी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून ती तुळस बादलीतून एसटीनं आणली होती. वाटेत कंडक्टरनं बादली टपावर ठेवायला सांगितली, तर आप्पा म्हणाले होते, "लेकीला टपावर बसवता का हो तुम्ही?" ती त्यांची मुलगीच. सकाळी तिला पाणी घालताना ते तिच्याशी जे बोलत, ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

तिकडे ठोंबरेकाकांना मूल नव्हतं. काका भांडारपाल. सिमेंट, सळ्या आणि घमेली यांचा हिशेब ठेवणारा अतिशय सज्जन माणूस. काकू अकोल्याकडच्या, धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या. बाळकृष्णाला त्या रोज न्हाऊ-माखू घालत, थंडीत लोकरीची टोपी विणून घालत, आणि "आमचा पोट्टा" म्हणत.

त्या वर्षी आप्पांनी लग्नाचा जो घाट घातला, तो माझ्यामुळे. मी वसाहतीच्या शाळेत शिकवत होते आणि माझा साखरपुडा वैशाखात झाला होता. कऱ्हाडचं स्थळ. आषाढात मला विषमज्वर झाला. मी वाचले, पण डोक्यावरचे केस मुठीमुठीनं गेले. भाद्रपदात कऱ्हाडची मंडळी भेटायला म्हणून आली, चहा प्याली, माझ्या डोक्याच्या रुमालाकडे बघत बसली, आणि आठवड्याभरात निरोप आला की मुलाच्या मनात सध्या लग्नच नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तुळशीवृंदावनाला चुना लावायला घेतला. दिवाळी यायची होती, पण आप्पा मंडपाला ऊस कुठला आणायचा याची चौकशी करत फिरत होते. आई मला म्हणाली, "करू दे त्यांना. एका मुलीचं तरी हातून होईल."

तर त्या संध्याकाळी नेमकं काय बिघडलं, ते सांगते.

वऱ्हाड वाजतगाजत आलं पाहिजे म्हणून आप्पांनी ऑफिसचा लाऊडस्पीकर मागून आणला होता. त्याला टेपरेकॉर्डर जोडला होता आणि सनईची कॅसेट घालून ठेवली होती. काकू भरजरी लुगड्यात, काका कोट घालून, मधे ताटात नवरदेव, अशी मिरवणूक आमच्या फाटकात आली. आप्पांनी ऐटीत बटण दाबलं. पण भोंग्याला जोडलेला टेपरेकॉर्डर ऑफिसचा होता, आत ऑफिसचीच कॅसेट होती, आणि आप्पांनी सनईची कॅसेट घातली होती ती घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये. भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "सावधान! कालव्यात पाणी सोडण्यात येत आहे. सर्वांनी आपापली जनावरे बाहेर काढावीत."

नेमकं त्या क्षणी वऱ्हाडानं फाटकातून आत पाऊल टाकलं होतं.

"जनावरं कोनाले म्हनलं?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला नाही हो विहीणबाई, ती सरकारी सूचना आहे," आप्पा बटणांशी झटापट करत म्हणाले. बटण बंद होईना. सूचना आणखी एकदा झाली.

काकूंनी तेवढं गिळलं आणि नवरदेवाला चौरंगावर बसवलं. मग आई त्यांचे पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे झाली. काकूंनी पाऊल मागे घेतलं. "आमच्यात वरमाईचे पाय दुधानं धुतात."

आईनं आप्पांकडे पाहिलं. दूध सगळं बासुंदीत गेलं होतं. आप्पांनी इथं गप्प राहायचं होतं. पण कालव्याविषयी बोलायची संधी ते कधी सोडत नसत. म्हणाले, "विहीणबाई, हे साधं पाणी नाही. आज सकाळी मी स्वतः सोडलेलं पाणी आहे. एकदम पहिल्या धारेचं."

"कालव्याच्या पान्यानं माहे पाय धुता?"

"त्या पाण्यावर दोन तालुके जगतात!" आप्पांचा आवाज चढला.

"मंग त्या तालुक्याच्या पोरी करा आमच्या पोराले! तुमची नको!"

आणि नवरदेव पदराखाली गेला.

"उगी जा, समजूत काढा," आई आप्पांना म्हणाली. "वरमाई रुसायचीच. रीतच आहे ती."

"मी जाणार नाही," आप्पा म्हणाले. आणि लगेच पायात चपला घालून गेले. त्यांच्यामागे गुरुजी. गुरुजींच्या मागे सगळी वसाहत, कारण वरमाईची समजूत कशी काढतात हे फुकट बघायला मिळणार होतं. आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन धावली, मी आईमागे. ठोंबऱ्यांच्या दारात एवढी गर्दी झाली, की समजूत काढायला आलेल्या आप्पांनाच आत जाता येईना. ते बाहेरूनच ओरडत होते, "विहीणबाई, झालं गेलं विसरा!" आणि आतून काकू ओरडत होत्या, "दोन तालुक्याले सांगा इसराले!"

शेवटी आप्पा चिडून परत फिरले. सगळी मिरवणूक त्यांच्यामागे परत फिरली. अंगणाच्या फाटकाशी येऊन आई थबकली आणि तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती ऐकून धरणावरचा पहारेकरीसुद्धा बॅटरी घेऊन बाहेर आला म्हणतात.

चौकीदार भीमरावची बकरी वृंदावनावर पुढचे दोन पाय टेकून उभी होती. तिच्या तोंडातून नवरीच्या मुंडावळीचा दोरा लोंबत होता. ती शांतपणे चघळत होती आणि आमच्याकडे बघत होती. मंडपाच्या उसाचे शेंडे तिनं आधीच संपवले होते. हिरव्या खणात गुंडाळलेल्या, बांगड्या घातलेल्या, काजळाची तीट लावलेल्या आमच्या नवरीच्या अंगावर एक पान उरलं नव्हतं. मंजिऱ्या नव्हत्या. नुसत्या काड्या होत्या. त्यातल्या एकीवर मंगळसूत्राचे काळे मणी अडकले होते.

"हाड!" म्हणून भीमराव धावला. बकरीनं मुंडावळीचा उरलेला दोरा गिळला आणि निघून गेली.

आप्पा वृंदावनाच्या पायरीवर बसले. मला वाटलं ते ओरडतील. पण खणाची एक कड उडाली होती, तेवढी त्यांनी नीट केली, जसं थंडीत झोपलेल्या माणसावर पांघरूण सारखं करावं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा वसाहतीनं दुसरीकडे बघायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, मंत्री येऊन ओरडून गेला तरी ज्याच्या कपाळावर आठी पडली नव्हती, तो एका झाडापाशी बसून लहान मुलासारखा रडत होता. आणि तो कशासाठी रडत होता हे कळायला मला काही वेळ लागला नाही. मी रुमालाची गाठ घट्ट केली.

पुराणिक गुरुजी हळूच म्हणाले, "यावर शास्त्रात उपाय आहे. पलीकडच्या जोशींकडे चांगली डवरलेली कुंडी आहे. ती आणून बसवू. मंत्र तेच."

आप्पांनी मान वर केली. "मुलगी बदलू म्हणता?"

"बदलू म्हणजे... तुळस तीच, कुंडी वेगळी."

"पुन्हा बोलू नका, गुरुजी."

मग आईनं डोकं चालवलं. तिनं आपला हिरवा शालू आणला आणि नवरीला डोक्यापासून बुडापर्यंत असा लपेटला, की ते वृंदावन आहे की टेकायला ठेवलेली गादी हे कळेना. "चेहरा दाखवायची गरजच काय? आमच्यात नवरी पदर घेऊनच बसते."

"आपल्यात कधी बसते?" मी विचारलं.

"आजपासून बसते."

एवढ्यात ठोंबरेकाका फाटकातून आत आले. एकटेच. कोटाची बटणं उघडी. ते आप्पांच्या कानाशी लागले, पण काकांना हळू बोलता येत नसे, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"भाऊ, समजूत काढाले कोनी येनार हाय का नाई? ते दाराआड उभी हाय. तिचे पाय दुखून राहिले."

"आम्ही आलो होतो की!" आप्पा म्हणाले.

"तुम्ही लवकर परतले. ते आता होच म्हननार होती."

आप्पा पायरीवरून उठेनात. आईला शालू सोडून जाता येत नव्हतं. आईनं मला पुढे ढकललं. "तू जा. करवली आहेस. काही सांगू नकोस, नुसती घेऊन ये."

मी गेले. ठोंबऱ्यांचं दार लोटलेलं होतं. ढकललं तर ते अर्ध्यावर अडकलं, कारण काकू खरंच त्याच्याआड उभ्या होत्या. मला आत घेतलं आणि त्या पुन्हा पाठ करून उभ्या राहिल्या. नवरदेव कपाटावर बसवला होता. मुंडावळ्या सरळ केलेल्या होत्या.

"काकू, चला ना."

"नाई."

"सगळे वाट बघतायत."

"पाहू दे."

"बासुंदी आहे."

काकूंची पाठ किंचित हलली. "चारोळी टाकली का?"

"टाकली."

"तरी नाई."

मी असं कधी कुणाला मनवलं नव्हतं. आईनं सांगू नको म्हटलं होतं, पण तोंड उघडलं तेव्हा दुसरं काहीच आलं नाही. "काकू, नवरी बकरीनं खाल्ली."

काकू गर्रकन वळल्या. "काय म्हनलं?"

"भीमरावच्या बकरीनं. एक पान ठेवलं नाही. नुसत्या काड्या राहिल्यात. आईनं शालू गुंडाळलाय तुम्हाला दिसू नये म्हणून. आप्पा रडतायत." एवढं सांगून मीच रडायला लागले. "आता तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. अशी नवरी कोण करणार?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मुळं हायेत ना?"

"आहेत."

"बकरीनं मुळं नाई खाल्ली?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली व माय? मुळं शाबूत हायेत तं पानं येतेच. त्याले काय टाइम लागते?" त्यांनी पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच. मग पलंगावर बसून घेतलं. बहुतेक पाय खरंच दुखत असावेत. "मी काही खरीखुरी रुसली नव्हती, पोरी. माह्या बहिणीच्या पोरायची लग्न झाली, नणंदेच्या पोरायची झाली. साऱ्या लग्नात मी वाढाले. वरमाया रुसत, अन् त्यायले मनवाले मले धाडत. मले कुठं रुसाले भेटते, सांग बरं? घरात एकच पोट्टा, तो हा असा." त्यांनी कपाटाकडे हात केला. "म्हनलं, यंदा जराकशी रुसून पाहू. कसं वाटते ते पाहू. तं तुहा बाप कालव्याचं पानी घेऊन बसला."

"मग कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं," काकू म्हणाल्या. "पन पाय दुखतात."

नवरदेवाला घेऊन त्या उठल्या. ताट नको, मिरवणूक नको, काही नको. त्याला कडेवर घेतल्यासारखं घेतलं आणि आम्ही दोघी आमच्या अंगणात शिरलो. आई वृंदावनासमोर हात पसरून उभी राहिली, रेल्वेचं फाटक पाडल्यासारखी.

"विहीणबाई, आमच्यात नवरी पदर घेऊन—"

काकूंनी आईला बाजूला केलं आणि शालूचा पदर वर उचलला.

काकू त्या काड्यांकडे निरखून बघत होत्या. आप्पा उभे राहिले होते, हात जोडून, मान खाली घालून. ज्या माणसानं दोन तालुके बोलून दाखवले होते तो आता एकाही तालुक्याचं नाव काढत नव्हता.

"नवरी थकलेली दिसते," काकू म्हणाल्या. "दिवसभर उपाशी असन. गुरुजी, आटपा लवकर, किती वेळ उभी ठेवता तिले?"

गुरुजींनी एवढ्या चपळाईनं अंतरपाट धरला, की त्याची घडीही पूर्ण उलगडली नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींना पुढच्या तुळशींची घाई होती, त्यामुळे ती एका दमात चालली होती. मधेच कुणाचा तरी धक्का लागून लाऊडस्पीकर सुरू झाला आणि "सावधान!" एकदा गुरुजींनी म्हटलं, एकदा सरकारनं. पाठोपाठ जनावरं बाहेर काढायची सूचना झाली. या वेळी काकूंनीच भीमरावला हाक मारली, "काढ रे बाबा, आतातरी काढ!" आणि लोक इतके हसले, की अक्षता नवरा-नवरीवर पडण्याऐवजी एकमेकांच्या तोंडावर उडाल्या.

लग्न लागलं. बाळकृष्णाला काड्यांना टेकवून बसवलं. मी करवली म्हणून नवरीशेजारी गुडघे टेकून बसले होते. गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि माझ्या डोक्यावरचा रुमाल सुटून मागे पडला. मी तो चाचपडत होते, तेवढ्यात काकूंनी हुकूम सोडला, "आरसा आना. सूनमुख पाहू द्या."

आईनं आतून आरसा आणला. ताप उतरल्यापासून तो कपाटाच्या मागे तोंड फिरवून ठेवलेला असे. तो मला दिसू नये, अशी न सांगताच घरात सगळ्यांची समजूत होती. काकूंनी आरसा धरला आणि नवरीचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्या माझ्या शेजारी अशा टेकल्या, की आरशात आम्ही सगळ्याच आलो. काकूंचा मोठा, घामेजलेला, कुंकू विस्कटलेला चेहरा, तुळशीच्या काड्या, आणि त्यांच्या शेजारी माझं डोकं. त्यावर नुकतेच उगवलेले, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नसलेले काळे केस.

काकूंनी आरशातूनच आधी नवरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. घाईघाईनं नाही. सून पारखून बघावी तसं.

"दोघीबी सुंदर हायेत," त्या म्हणाल्या. मग आरसा आईच्या हातात देऊन, पाय लांब करून पायरीवर बसल्या. "आता बासुंदी आना. अन् मले आग्रह करा. दोनदा नाई म्हननार हाय मी."

आग्रह आप्पांनी केला. काकू दोनदा नाही म्हणाल्या, तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्यानंतर नाही म्हणायचं त्या विसरूनच गेल्या.

तो रुमाल मला परत सापडला नाही. मी फारसा शोधलाही नाही. दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत शिकवायला गेले. पोरांनी तासभर टक लावून पाहिलं, मग गणितं घातल्यावर ती विसरली.

होळीच्या सुमाराला कऱ्हाडचं स्थळ सुचवणारे भाऊसाहेब मामा वसाहतीत आले. मधल्या काळात माझे केस कानांना टेकायला लागले होते आणि ती बातमी कशी कोण जाणे कऱ्हाडपर्यंत पोचली होती. आईनं त्यांना खुर्ची दिली, चहाचं आधण ठेवलं. मामांनी इकडचं तिकडचं केलं, माझ्या केसांकडे दोनदा बघून घेतलं आणि आप्पांना म्हणाले, "मुलाच्या मनात लग्न आलंय. ते लोक म्हणतायत, आता आमची काही हरकत नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी ते माझ्याकडे कधी बघत नसत, तुळशीकडे बघत.

"माझी आहे," मी म्हटलं.

मामांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. ते आप्पांकडे वळले. आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून, वरातीत द्यावी तशा आवाजात हाक दिली, "अगं, चहा राहू दे. भाऊसाहेबांना एसटी गाठायची आहे."